आधी नाक, मग मेंदू

(फोंड्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून किंचित संपादित.)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि एवढ्या पावसातून आलेली मंडळी,

मला पंचेचाळीस मिनिटं मिळणार होती. त्यातली पंधरा समईने खाल्ली. वर पंखा गरगरतोय, खाली पाच मान्यवर एकेक वात पेटवतायत, ती विझतेय, पुन्हा पेटवतायत. पंखा बंद करा म्हणायची कुणाची छाती झाली नाही, कारण उकाडा सगळ्यांनाच होता. असो. मी वेळेत संपवीन असं मघाशी अध्यक्षांना सांगितलंय. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो तेव्हाही असंच सांगायचो.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या उत्क्रांतीत नाकाचा वाटा’. जरा भारदस्त झालाय. साध्या भाषेत माझं म्हणणं एवढंच, की ज्या मेंदूची आपण एवढी मिजास करतो तो सुरुवातीला वाढला तो वास घेण्यापायी वाढला. विचार करणं, कविता करणं, सभा भरवणं हे सगळं मागाहून आलं. पुरावा शेवटी देतो. पण तिथवर पोचायचं तर आधी नाकात शिरावं लागेल, आणि त्यासाठी लहान प्राण्याचं नाक बरं. हत्तीच्या सोंडेबद्दल सगळेच बोलतात. मला चिचुंदरीबद्दल बोलायचंय.

बघा, नुसतं नाव काढलं तर तिसऱ्या रांगेत पदर नाकाला गेला! इथे चिचुंदरी नाही हो. नसावी. वाचनालय आहे, झुरळं असणार, तेव्हा खात्री देत नाही.

पहिली गोष्ट, चिचुंदरी हा उंदीर नव्हे. आपल्याकडे शेपटी असलेलं, अंधारात पळणारं जे काही असेल तो ‘हुंदीर’. पण चिचुंदरीचं गोत्र वेगळं आहे. ती साळिंदराचीही कुणी नाही, उंदराचीही नाही. तिचे नातलग म्हणजे जमिनीखाली बिळं खणणारे युरोपातले मोल आणि ते काटेरी चेंडू होऊन बसणारे हेजहॉग. उंदराचे पुढचे दात छिन्नीसारखे, आयुष्यभर वाढणारे, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडत राहावं लागतं. चिचुंदरीचे दात बारीक टोकदार, किडे फोडायला. तुमची पैठणी तिने कुरतडलेली नाही. तिला पैठणीत रस नाही, पैठणीखालच्या झुरळात आहे. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७६६ साली तिला शास्त्रीय नाव दिलं, सुंकस म्युरिनस. तिच्या गोत्रातली सगळ्यात छोटी बहीण, एट्रस्कन चिचुंदरी, साधारण दोन ग्रॅमची. वजनाने जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी तोच.

ओळखायची कशी? तोंडाकडे बघायचं. खालचा जबडा मागे राहतो आणि लांब टोकदार मुस्कट त्याच्या पुढे जातं. ते एका जागी राहत नाही, सारखं वर-खाली, डावी-उजवीकडे. डोळे आहेत, पण टाचणीच्या डोक्याएवढे आणि जवळपास तितक्याच उपयोगाचे. म्हणून ती भिंतीच्या कडेकडेने चालते. आवाजही ऐका कधी, नाणी खुळखुळल्यासारखा. चिनी लोक त्यामुळे तिला पैशांचा उंदीर म्हणतात आणि ती घरात आली तर लक्ष्मी आली मानतात. आपण केरसुणी घेऊन धावतो. केरसुणीलाही आपण लक्ष्मीच म्हणतो, पण तो वाद पुन्हा कधी.

आता तिचा वास. दोन्ही कुशींवर ग्रंथी असतात, त्यांचा तो कस्तुरीसारखा उग्र दर्प. ब्रिटिश हिंदुस्थानात साहेबलोकांची पक्की समजूत होती, की चिचुंदरी दारूच्या बाटलीवरून नुसती चालत गेली तरी बूच बंद असतानाही आतली वाइन नासते. जेर्डन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच त्यावर शंका काढली होती, की बाबांनो, काच भेदून वास जात नाही, तुमची बुचंच बाटलीत बसवण्याआधी बिघडलेली असतील. तरी समजूत गेली नाही. आपल्याकडे हा प्रश्न कधी आला नाही. फेणीवरून चिचुंदरी गेली तर दोघांपैकी कुणाचा वास कुणाला लागला हे ठरवणं अवघड. हसू नका, इथे फेणीवाल्यांचे नातेवाईक बसलेत.

सांगायचं ते हे, की दुर्गंध हा आपल्या बाजूचा निकाल आहे. वाघ झाडावर जो फवारा मारतो त्यात बासमती तांदळाला सुवास देणारा रेणू असतो. कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारींनी तो शोधला. म्हादईच्या रानात कधी कुणी पुलाव शिजवतंय असं वाटलं तर वळून पळा. चिचुंदरीचा वास हा दुसऱ्या चिचुंदरीसाठी लिहिलेला मजकूर आहे. तो आपल्यासाठी नव्हताच.

आता मला एक तक्रार मांडायचीय. आमच्या घरी ही तक्रार ऐकून सगळे कंटाळलेत, म्हणून तुमच्यापुढे.

आमच्या सोसायटीत उंदीर झाले. खालच्या मजल्यावर एकाने पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सुकी मासळी, मिरच्या, आमसुलं भरून ठेवलेली, त्यातले सुके बांगडे गेले. बैठक बोलावली. मी म्हटलं, गटाराची झाकणं फुटलीत ती आधी बसवा, कचरा रात्री बाहेर ठेवू नका. हे ऐकून घेणारं कुणी नव्हतं, कारण यात बिल होत नाही. सेक्रेटरींनी एक माणूस आणला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च, पायात गमबूट. त्याने जिन्याखाली पाहिलं, मीटरच्या खोलीत पाहिलं, आणि छाती पुढे काढून म्हणाला, “सर, एक लेगीत हुंदीर उरचो ना!” म्हणजे एकही उरणार नाही. लेखी हमी, तीन महिन्यांची.

त्याने दोन गोष्टी केल्या. कोपऱ्याकोपऱ्यात औषधाच्या निळ्या वड्या ठेवल्या, आणि मीटरच्या खोलीत गोंद लावलेले पुठ्ठे पसरले. मी त्याला विचारलं, उंदीर ही वडी का खाईल? तो म्हणाला, गोड असता सर. मी म्हटलं, तुम्ही रस्त्यात पडलेली मिठाई खाता का? तर म्हणाला, आंव मनीस न्हय रे सर! मी माणूस ना! म्हणजे माणसाला अक्कल असते, उंदराला नसते. इथे माझं डोकं फिरलं.

मंडळी, उंदराला उलटी होत नाही. त्याच्या शरीरात ती सोयच नाही. पोटात गेलेलं विष परत बाहेर काढता येत नाही, तेव्हा आत जायच्या आधीच परीक्षा घ्यावी लागते, आणि ती परीक्षा नाक घेतं. म्हणून नवीन वस्तू दिसली की उंदीर तिच्याभोवती फिरतो, दिवसच्या दिवस. पिंजऱ्यात तुम्ही सुका बांगडा लावता आणि तो दोन फुटांवरून निघून जातो, तेव्हा तुम्हाला वाटतं त्याला दिसला नाही. त्याला बांगडाही कळला आणि पिंजराही कळला.

मग नवीन काही खावं हे त्याला कळतं कसं? कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात बेनेट गॅलेफ यांनी यावर आयुष्य घालवलं. एक उंदीर बाहेरून काहीतरी खाऊन येतो. बिळातला दुसरा त्याचं तोंड हुंगतो. त्याच्या श्वासात खाल्लेल्या पदार्थाचा वास असतो, आणि सोबत कार्बन डायसल्फाइड असतो, जो श्वासातूनच येतो. दोन्ही वास एकत्र आले की हुंगणाऱ्याच्या डोक्यात नोंद होते, हे आपल्यातल्या कुणी खाल्लंय, खायला हरकत नाही. पुढे तो पदार्थ भेटला की तो आधी तोच निवडतो. नुसता पदार्थाचा वास पुरत नाही. आणि गंमत पुढेच आहे. खाऊन आलेला उंदीर आजारी पडलेला असला तरी हुंगणारा ‘खाऊ नये’ असं शिकत नाही. तो ‘खावं’ एवढंच शिकतो. आमच्या बिल्डिंगमध्ये शेअर बाजाराबद्दल हेच चालतं.

तर कुणाच्याच श्वासात नसलेली निळी वडी तिथेच राहिली. हळूहळू रंग उडाला.

गोंदाच्या पुठ्ठ्यांना मात्र गिऱ्हाईक मिळालं. सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर मीटरच्या खोलीतून खुळखुळ ऐकू आली. टॉर्च मारली. पुठ्ठ्यावर चिचुंदरी, आणि तिच्यामागे ओळीने तिची पोरं. चिचुंदरीची पिल्लं बाहेर पडताना वरात काढतात. पहिलं आईच्या शेपटीच्या मुळाजवळची कातडी दातात धरतं, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची. आई वळली की सगळी वळतात. ही वरात आईमागून थेट गोंदावर आली होती. चारही पाय चिकटलेले, पोट चिकटलेलं, शेवटच्या पिल्लाने तरी पुढच्याला सोडलं नव्हतं. आणि आईचं मुस्कट, तेवढाच भाग मोकळा होता, ते अजून हलत होतं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. टोकाशी मधोमध एक बारीक खाच असते, तिच्या दोन बाजूंना नाकपुड्या, बाहेरच्या अंगाला उघडणाऱ्या, ओल्या. माझा हात डावीकडून गेला की टोक डावीकडे. टॉर्चचा उजेड तिच्या डोळ्यांवर होता, त्याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

खोबरेल तेल आणलं. गोंद तेलाने सुटतो, पाण्याने नाही. कुणाला लागलं तर लक्षात ठेवा. कापसाने एकेक पाय सोडवत बसलो. जिन्यातून जाणारे विचारत होते, प्रोफेसर, बरं आहे ना? आई आणि बहुतेक पिल्लं सुटली, दोन गेली. हाताला जो वास लागला तो लिंबाने गेला नाही, चिंचेने गेला नाही. आमच्या सौभाग्यवतींनी माझं ताट बाल्कनीत वाढलं.

दुपारी तो माणूस आला आणि पुठ्ठ्यावर उरलेली दोन पिल्लं पाहून खूश झाला. “सर, हुंदीर मेळ्ळो न्हय!” मी त्याला दात दाखवले, म्हणजे पिल्लाचे, माझे नव्हेत. गोत्र सांगितलं. झुरळांचा हिशेब सांगितला. सेक्रेटरी मध्ये पडले आणि म्हणाले, “उंदीर काय नि चिचुंदरी काय, बिल एकच.” बिल मंजूर झालं. माझा विरोध इतिवृत्तात ‘एका सभासदाने तांत्रिक मुद्दा मांडला’ असा नोंदवला. त्यानंतरच्या पावसाळ्यात झुरळं वाढली. मी कार्यकारणभाव सांगत नाही, तेवढी शिस्त मला आहे. फक्त सांगून ठेवतो.

घड्याळ दाखवू नका, आलोच विषयावर.

नाकात शिरू. टेबलावर ज्या कवट्या ठेवल्यात त्यातली मोठी घुशीची आहे. आमच्या बागायतीत मेलेली सापडली, मुंग्यांनी साफ करून दिली, मी फक्त उभी चिरली. बघितलंत तर डोळ्याच्या पुढचा जवळजवळ सगळा भाग नाकाचा आहे. शाळेच्या पुस्तकात नाकाच्या जागी एक रिकामी पोकळी दाखवतात. रिकामं तिथे काहीही नाही. आत कागदासारखी पातळ हाडं आहेत, गुंडाळलेली, एकात एक. आडवा छेद घेतला तर अळूवडीचा काप. यांना टर्बिनेट म्हणतात. तुमच्याही नाकात आहेत, पण तीनच, आणि साधी. नाकाच्या डॉक्टरकडे जाऊन ‘हाड वाढलंय’ असं ऐकून आलेले इथे निम्मे तरी असतील. त्यातल्या बऱ्याच जणांचं हाड जागेवर असतं, टर्बिनेटवरची त्वचा सुजलेली असते.

पुढच्या वळकट्यांचं काम हवा गरम आणि ओली करण्याचं, आणि बाहेर जाताना तिच्यातलं पाणी परत घेण्याचं. अमेरिकेच्या वाळवंटातला कांगारू रॅट पाणी न पिता कोरड्या बियांवर जगतो. त्याने सोडलेला श्वास त्याच्या अंगापेक्षा पुष्कळ थंड असतो, कारण नाकातल्या थंड पृष्ठभागावर वाफेचं पाणी होऊन तिथेच राहतं. लहान प्राण्याच्या अंगातली ऊब भराभर निघून जाते, म्हणून त्याला ही काटकसर हवीच. चिचुंदरीला तर थोड्या थोड्या वेळाने खावंच लागतं. तिच्या अर्थसंकल्पात शिल्लक नावाचा रकानाच नाही.

मागच्या वळकट्यांवर वास घेणारी त्वचा असते. उंदीर शांत असेल तर साधा श्वास घेतो, पण काही तपासायचं असेल तर सेकंदाला ५ ते १० वेळा हुंगतो, आणि त्याच तालावर मिश्या पुढे-मागे करतो. हुंगणं आणि चाचपणं एका ठेक्यात. मागच्या कोनाड्यात हवेचा वेग मंदावतो आणि गंधाचे रेणू ओल्या थरात विरघळतात. तिथे गंधग्राही पेशी बसलेल्या. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी या पेशींवरच्या, गंधाचे रेणू पकडणाऱ्या ग्राहक प्रथिनांचं जनुककुटुंब शोधून काढलं, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उंदरात अशी चालू जनुकं हजाराच्या वर, माणसात चारशेच्या आसपास, हत्तीत दोन हजारांच्या घरात. एक पेशी एकाच प्रकारचा ग्राहक बाळगते. आणि या पेशी झिजतात, पुन्हा नव्या येतात; मज्जापेशींमध्ये ही चैन फार थोड्यांना आहे. कोविडमध्ये ज्यांचा वास गेला आणि परत आला त्यांना हे वेगळं सांगायला नको, जरी तिथे विषाणूने मुख्यतः धरल्या त्या आधाराच्या पेशी.

घुशीच्या कवटीत आता भिंगातून मेंदूच्या खोलीची पुढची भिंत बघा. बारीक बारीक भोकं दिसतील. गंधपेशींचे तंतू जुड्या करून त्या भोकांतून थेट मेंदूत जातात. डोळा, कान, त्वचा यांच्या बातम्या आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यात हजेरी लावतात आणि मग पुढे जातात. वासाला ते बंधन नाही. भिंतीला टेकून पलीकडे घ्राणकंद, म्हणजे मेंदूचा वास सांभाळणारा गोळा, बसलेला असतो, तिथून बातमी सरळ आतल्या खोलीत. आपल्यात हा कंद मेंदूखाली चिरडल्यासारखा लपलाय. चिचुंदरीत तो मेंदूच्या पुढे, ऐटीत, बाहेर आलेला दिसतो.

शिवाय नाकात एकच इंद्रिय नाही. नाकाच्या पडद्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक बारीक नळी असते. कोपनहेगनच्या लुडविग जेकबसनने १८११ साली तिचं प्राण्यांमधलं वर्णन केलं, म्हणून ते जेकबसनचं इंद्रिय. त्याच्या शंभर वर्षं आधी, १७०३ साली, रॉइश या डच शरीरशास्त्रज्ञाने ते एका सैनिकाच्या जखमी चेहऱ्यात पाहिलं होतं, पण नाव लागलं दुसऱ्याचं. कुणाचं नाव कशाला लागतं याबद्दल मी बोलायला लागलो तर समई पुन्हा पेटवावी लागेल.

ही नळी हवेतल्या वासासाठी नाही, ओल्या वासासाठी आहे. हॅमस्टरमध्ये नळीच्या बाजूची रक्तवाहिनी फुगते-आकसते आणि त्या दाबाने मूत्रातले, ग्रंथीतले रेणू आत ओढले जातात. बैल गाईच्या मुताला तोंड लावून वरचा ओठ वर करतो, मान ताणतो आणि हसल्यासारखा उभा राहतो ना? तो हसत नाही. तो तो ऐवज या नळीपर्यंत पोचवतोय. आणि तिथून मिळणारी बातमी किती वजनदार असते बघा. १९५९ साली हिल्डा ब्रूस यांनी दाखवलं, की नुकताच समागम झालेल्या उंदरीणीला पहिल्या काही दिवसांत परक्या नराचा नुसता वास आला तरी तिचा गर्भ रुजत नाही. जेकबसनचं इंद्रिय काढून टाकलं तर हा परिणाम होत नाही. नुसत्या वासाने!

माणसात या नळीची खूण म्हणून एक खळगा पुष्कळांत सापडतो, पण तिथून मेंदूकडे जाणारी तार नाही, आणि तिला लागणारं एक कळीचं जनुक आपल्यात मोडकं आहे. त्यामुळे फेरोमोनयुक्त, म्हणजे प्राणी एकमेकांना निरोप द्यायला सोडतात तसल्या गंधाच्या, अत्तराची जाहिरात बघाल तर पैसे जपून ठेवा. वटवाघळांच्याही बहुतेक जातींत हे इंद्रिय गेलंय. फळं खाणाऱ्या वटवाघळाचं मुख्य नाक मात्र तल्लख आहे, पिकलेला चिकू तुमच्या आधी त्याला सापडतो.

मघाशी चहाच्या वेळी एका योगशिक्षकांनी विचारलं, सूर्यनाडी-चंद्रनाडीचं काय? एक नाकपुडी काही तास जास्त मोकळी, मग दुसरी, हे खरंच होतं. नाकपुड्यांतल्या श्वासावरून शकुन बघणाऱ्या स्वरोदयवाल्यांनी ते निरखलं होतं, आणि १८९५ मध्ये कायझर या जर्मन डॉक्टरने त्यावर लिहिलं. नाकातल्या त्वचेत रक्त भरतं आणि उतरतं, त्याचा तो खेळ. तो उंदरात आणि सशातही दिसलाय. तेव्हा उंदीरही योगी म्हणायचा की काय हे तुम्ही ठरवा, मी वर्गणी देणार नाही.

दोन नाकपुड्यांवरून एक आपल्या देशातलं काम सांगतो, कारण त्याचं कौतुक आपल्याकडे कमी झालं. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत रघव राजन, जेम्स क्लेमेंट आणि उपिंदर भल्ला यांनी २००६ साली दाखवलं, की वास डावीकडून आला की उजवीकडून हे उंदीर एक-दोन हुंगण्यांत सांगतो. एक नाकपुडी बंद केली की ते जमत नाही. दोन नाकपुड्यांत वास पोचण्यात सेकंदाच्या विसाव्या हिश्शाचा फरक असला तरी पुरतो. मला ती चिचुंदरी आठवते, हात डावीकडून गेला की टोक डावीकडे... चिठ्ठी आली. “५ मि.” आणि खाली दोन रेघा. बरं.

मुख्य मुद्दा. उभ्या उभ्या सांगतो.

सुमारे १९ ते २० कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर माजलेले असताना, आपल्या सस्तन गोताचे पूर्वज आणि त्यांचे भाऊबंद रात्री जगत होते. लहान, केसाळ, किडे खाणारे. चिचुंदरी त्यांची वंशज असं म्हणत नाही, तिला पूर्वजही म्हणत नाही, पण राहणी तशीच. चीनच्या युन्नान प्रांतात अशा दोन प्राण्यांच्या कवट्या सापडल्या, मॉर्गनुकोडॉन आणि हॅड्रोकोडियम. हॅड्रोकोडियमची कवटी जेमतेम सव्वा सेंटिमीटर. ती फोडून आत बघायचं धाडस कोण करणार? टेक्सास विद्यापीठाच्या टिमथी रो आणि सहकाऱ्यांनी त्या न फोडता सीटी स्कॅन केल्या आणि आतल्या पोकळीवरून मेंदूचा आकार काढला. २०११ साली ‘सायन्स’मध्ये ते आलं.

निष्कर्ष असा, की मेंदू तीन टप्प्यांत वाढला. पहिल्या टप्प्यात, मॉर्गनुकोडॉनमध्ये, वाढले ते घ्राणकंद, वासाचा मेंदूतला प्रदेश, आणि सोबत अंगावरच्या केसांतून येणारा स्पर्श सांभाळणारा भाग. दुसऱ्या टप्प्यात, हॅड्रोकोडियममध्ये, पुन्हा वासाचाच भाग वाढला. तिसऱ्या टप्प्यात, आजच्या सस्तनांच्या मूळ पूर्वजात, नाकातल्या त्या मागच्या वळकट्यांचं हाड झालं, त्यामुळे गंधत्वचेला पसरायला जागा मिळाली. म्हणजे मघाशी दाखवली ती घुशीच्या नाकातली पातळ हाडं मेंदूच्या वाढीच्या हिशेबात जमेच्या बाजूला आहेत. अंधारात डोळ्याचा उपयोग कमी, वास मात्र रात्रीही वाचता येतो. वास नुसता येऊन चालत नाही. कालचा की आजचा, कुणाचा, कुठल्या बाजूचा, खाल्लेल्याचा की न खाल्लेल्याचा, ही जुळणी करायला मेंदू लागतो.

मग आपण नाक विसरलो कसे? माकडांच्या शाखेत दिवसाचं जगणं आलं, रंग आले, डोळे पुढे आले, गंधाची जनुकं एकेक बंद पडत गेली. पण ‘माणसाला वासच येत नाही’ हे जे आपण धरून चालतो त्याचं बरंचसं खापर पॉल ब्रोका या फ्रेंच शास्त्रज्ञावर फुटतं. एकोणिसाव्या शतकात त्याने घ्राणकंद बाकीच्या मेंदूच्या मानाने लहान पाहून माणसाला वास न घेणाऱ्यांच्या रांगेत बसवलं. २०१७ साली मॅकगॅन या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञांनी हे सगळं तपासून दाखवलं, की कंद बाकी मेंदूच्या मानाने लहान दिसतो, एरवी लहान नाही, आणि माणसाचं नाक समजतात त्यापेक्षा पुष्कळ चांगलं आहे. सोलकढी फाटली की आधी कुणाला कळतं, डोळ्याला की नाकाला?

आक्षेप येणार, तो आधीच घेतो. डॉल्फिनचा मेंदू केवढा, आणि दात असलेल्या देवमाशांत घ्राणकंदच उरलेला नाही, मग? उरलेला नाही, म्हणजे आधी होता. पाण्यात गेल्यावर गेला. मी मेंदू सुरू कशावर झाला ते सांगतोय, पुढे त्यात कुणी काय काय भरलं त्याची जबाबदारी माझी नाही. दुसरा आक्षेप, दोन कवट्यांवरून एवढं? बरोबर आहे, आणखी कवट्या मिळाल्या तर टप्पे सरकतील. वासाचा क्रमांक पहिला आहे तो सरकेल असं मला वाटत नाही. चिठ्ठी नंबर दोन आलीय, ती मी वाचलीच नाही असं समजा.

टांझानियातल्या थैलीवाल्या उंदरांनी कंबोडियात भूसुरुंग कसे शोधले, त्यातल्या मगावाला २०२० साली सुवर्णपदक कसं मिळालं, हे राहिलं. नाकाच्या टोकाशी असलेली ग्र्युनेबर्गची गाठ, जी घाबरलेल्या भाईबंदाचा वास ओळखते, तीही राहिली. सेक्रेटरींचा उरलेला किस्साही राहिला, पण ते आज सभागृहात आहेत असं दिसतंय.

कवट्या टेबलावर आहेत, भिंग बाजूला ठेवलंय. घुशीची हातात घ्या, हरकत नाही. छोटी चिचुंदरीची आहे, ती कापसावरून उचलू नका, पुढच्या दातांचा सरस अजून ओला आहे. प्रश्न बाहेर चहाच्या ठिकाणी विचारा, कारण शिपायाला साडेआठची फोंडा-सावर्डे बस धरायचीय.